गाण्यावर गुन्हा : मराठी रॅप आणि कलम ५०५

एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाविरुद्ध अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. समाजमाध्यमांवर एक मराठी रॅप गीत प्रसारित करणे, हा त्याचा अपराध. गीतात कोणा पुढाऱ्याचे नाव नव्हते. पन्नास खोक्यांचा उल्लेख मात्र होता. २०२२ च्या सत्तांतरानंतर विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांचीच घोषणा दिली होती, आणि खोका म्हणजे एक कोटी रुपये हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तक्रार सत्ताधारी शिवसेनेच्या युवा शाखेकडून आली. नाव न घेता केलेली टीका आपल्यालाच लागू पडते, अशी लेखी कबुलीच जणू तक्रारदाराने दिली! त्याच महिन्यात मुंबईच्या वडाळा टी. टी. पोलिसांनी उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवरही गुन्हा दाखल केला. राजकारण्यांनी जनतेला नागवले, असा त्याच्या गीताचा आशय होता.

आपल्या वसई-विरार परिसरातील अनेक पालकांना रॅप म्हणजे मुलांच्या कानातील इयरफोनमधून ऐकू येणारा गोंगाट वाटतो. हा प्रकार १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या गरीब वस्तीत जन्मला. तालावर वेगाने बोललेले, यमक जुळविलेले शब्द हे त्याचे स्वरूप. त्याला गायनाची तालीम लागत नाही, वाद्यवृंद लागत नाही; मोबाइल फोन आणि सांगण्यासारखे काही असले की पुरते. म्हणूनच तो मुंबईत धारावीच्या गल्ल्यांत रुजला. अंधेरीच्या विवियन फर्नांडिस ऊर्फ ‘डिव्हाइन’ने त्याला देशभर नेले. या गीतांतील शिवराळपणाबद्दल वडीलधाऱ्यांची जी तक्रार असते, ती अगदीच निराधार नाही. खाडे यांच्या गीताच्या शीर्षकातील मूळ शब्द आम्हालाही येथे छापणे अवघड वाटते. परंतु भाषा अशिष्ट असणे वेगळे आणि ती गुन्हा असणे वेगळे.

शिवाय सत्तेला तालावर जाब विचारणे महाराष्ट्राला नवे नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांच्या ‘लाल बावटा कलापथका’ने गिरणगावात हेच केले, आणि मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे त्याच अण्णा भाऊंचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचे अनावरण केले. त्यांच्याकडेच गृहखाते असताना, अवघ्या सात महिन्यांनी, वरील दोन गुन्हे नोंदले गेले. शाहीर दिवंगत झाला की सरकारला प्रिय होतो, असे म्हणावयाचे काय?

आपल्या जिल्ह्याचा धागाही या संगीतात आहे. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप समूहाने आरे वसाहतीतील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या जंगलावर गीत केले आणि त्याला नाव दिले वारली उठावाचे. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी गावच्या सभेतून, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध पेटलेला लढा हा वारल्यांचाच. त्या नावाची आठवण तरुणांपर्यंत पाठ्यपुस्तकापेक्षा या गीतानेच अधिक पोहोचविली असेल.

आता कायद्याकडे वळू. मुंगासे व खाडे या दोघांवरही भारतीय दंड संहितेचे कलम ५०५ (२) लावण्यात आले. धर्म, वंश, भाषा, जात आदी कारणांवरून समाजगटांमध्ये वैर पसरविणाऱ्यांसाठी हे कलम आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. त्यासाठी किमान दोन समाजगट गुंतलेले असावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच बिलाल अहमद कालू खटल्यात स्पष्ट केले होते. खोके घेणारे आणि न घेणारे हे काही दोन धार्मिक समाज नव्हेत.

हेच कलम पालघरला चांगले परिचित आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या तरुणीला आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघर पोलिसांनी अटक केली, तेव्हाही ५०५ (२) पुढे करण्यात आले होते. नंतर प्रकरण बंद झाले, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि या अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. ५०५ मात्र शाबूत राहिले. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरील काव्यात्मक मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी पकडले, तेव्हाही हेच कलम होते, आणि त्यांना महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. तेव्हा मंत्री असलेले जितेंद्र आव्हाड वर्षभराने मुंगासेच्या पाठीशी उभे राहिले! २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी, २०२२ मध्ये महाविकास आघाडी, २०२३ मध्ये शिंदे-फडणवीस. राज्यकर्ते बदलले, कलम तेच राहिले. तेव्हा हा रोग एका पक्षाचा मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

दंड संहिता जुलै २०२४ मध्ये इतिहासजमा झाली. नव्या भारतीय न्याय संहितेत ५०५ ची जागा कलम ३५३ ने घेतली आहे. तथापि २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील, एका कवितेच्या ध्वनिचित्रफितीवरून जामनगरमध्ये नोंदविलेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसावर काय होईल हे पाहावे, टीकेत सदैव धोकाच पाहणाऱ्यावर नव्हे, असे न्यायालयाने बजावले. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित ठरेल, असेही सांगितले.

याचा अर्थ असा की, नालासोपाऱ्यातील एखाद्या मुलाने उद्या टँकरच्या पाण्यावर रॅप रचले आणि कोणी नगरसेवक ते घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तर ठाणे अंमलदाराने लगेच मुलाला उचलून आणावयाचे नाही. वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या आत, त्या शब्दांमुळे प्रथमदर्शनी गुन्हा घडतो काय, हे आधी तपासावयाचे आहे. ही गोष्ट त्या मुलाच्या आईवडिलांनाही ठाऊक असलेली बरी.