दयाळाचे गाणे आणि मादीची अंडी

चैत्रात कर्जत-खालापूरच्या वाड्यांत दयाळ नर पहाटेपासून विजेच्या तारेवर बसून गातो. पावसाच्या तोंडावर माथेरानच्या ओढ्यांतून शीळकरी कस्तूराची शीळ ऐकू येते. ही गाणी म्हणजे हद्दीचे कुंपण, असे एक मत आहे. दुसरे मत असे की, ती मादीला बोलावण्यासाठी असतात. जोडी जमली की त्यांचे काम संपते आणि अंड्यांचे गणित ऋतू व अन्नच ठरवतात.

पहिले मत खोटे नाही, अपुरे आहे. इंग्लंडमध्ये टिट पक्ष्यांचे नर हलवून त्यांच्या जागी ध्वनिवर्धकातून गाणे वाजवले, तेव्हा इतर नर त्या हद्दीत उशिरा शिरले. पण गाण्याने मादीच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर कॅनरीने दिले आणि त्यातच दुसरे मत कोसळते. १९७६ साली डोनाल्ड क्रूड्स्मा यांनी कॅनरी माद्यांना फक्त ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. नर नव्हता, हद्द नव्हती, चारा भरवणारे कोणी नव्हते. तरी ज्यांनी अधिक विविध स्वरांची गाणी ऐकली, त्यांनी घरट्यासाठी दोऱ्याचे तुकडे भराभर नेले आणि अंडीही जास्त घातली. गाण्याची चेतना कानावाटे मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोचते, पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडाशय जागा होतो. तिथल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत बलकाचा कच्चा माल तयार करू लागते. म्हणजे गाणे थेट अंड्याच्या कारखान्यात पोचते.

म्हणून गाणे हेच सर्वस्व, असे म्हणणाराही चुकतो. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या एका चिमणीत मोठ्या दिवसाने सुरू झालेली अंडाशयाची वाढ गाण्याने अधिक झाली; पाया उजेडाचाच होता. होल्यांमध्ये तर (ते गायक पक्षी नव्हेत) मादीचे स्वतःचे घुमणेच तिचा अंडाशय चेतवते, असे मे-फँग चेंग यांनी दाखवले. रायगडातच, किहीमला, १९३० साली सलीम अली यांनी सुगरणीचा अभ्यास केला. तिथे मादी गाण्यापेक्षा नराने अर्धवट विणलेला खोपा पारखून घेते.

कर्जतच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या आणि लहान दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक पडतो, लंडनला जवळपास नऊ तासांचा. उजेडाची खूण इथे पुसट असल्याने पाऊस, किडे आणि नराचा आवाज यांचे वजन वाढत असावे, हा तर्क सयुक्तिक ठरतो. दयाळाची मादी बहुतेक घरटे स्वतःच रचते, अंडीही एकटीच उबवते; त्या काळात नर गातच असतो. त्याचे गाणे जोडी जमताच निरुपयोगी होते, हे म्हणणे टिकत नाही.

नेदरलँड्समध्ये वाहनांच्या गोंगाटात टिट माद्यांनी कमी अंडी घातल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. नराचे गाणे नीट ऐकू न येणे हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. खालापुरातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचा आवाज मोजताना केवळ माणसांचे कान गृहीत धरू नयेत.