क्लाउस मान : पत्रकाराने कादंबरीकार घडवला

क्लाउस मानबद्दल दोन आक्षेप ठरलेले आहेत. नोबेलविजेत्या थॉमस मानचा मुलगा म्हणून त्याचं नाव झालं, हा पहिला. हिटलर सत्तेवर आल्यावर क्लाउसने देश सोडला आणि १९३३ मध्येच ॲमस्टरडॅमहून निर्वासित लेखकांचं ‘डी झामलुंग’ हे मासिक काढलं. त्यापासून जाहीरपणे अंग काढून घेणाऱ्यांत वडीलही होते. त्यांची पुस्तकं अजून जर्मनीत छापली जात होती. हा आक्षेप इथेच संपतो.

दुसरा जड आहे आणि जाणकार तो घेतात: वर्तमानपत्री घाईने त्याच्यातला कादंबरीकार खाल्ला, आणि ‘मेफिस्टो’ (१९३६) हा निव्वळ सूड आहे. नाझींच्या आश्रयाने मोठा होणाऱ्या ह्योफगेन या नटामागे गुस्ताफ ग्र्युंडगेन्स सरळ दिसतो. तो क्लाउसच्या बहिणीचा, एरिकाचा, घटस्फोटित नवरा. म्हणजे संशयाला जागा आहे.

पण सूडच घ्यायचा, तर सर्वांत धारदार शस्त्र हाताशी होतं. ग्र्युंडगेन्स समलिंगी होता. कादंबरीतला ह्योफगेन तसा नाही. क्लाउसने हे शस्त्र का टाकलं, ते त्याच्या पत्रकारितेत सापडतं. १९३४ मध्ये सोव्हिएत रशियात समलिंगी संबंध गुन्हा ठरले होते आणि नाझी म्हणजे समलिंगींचीच टोळी, असा प्रचार डाव्यांत चालला होता. क्लाउस स्वतः समलिंगी. १९२६ च्या पहिल्याच कादंबरीत त्याने ते प्रेम न लपवता मांडलं होतं. १९३४ च्या ‘समलैंगिकता आणि फॅसिझम’ या लेखात त्याने आपल्याच बाजूच्यांना खडसावलं: नाझी ज्यूंचं जे करतात, तेच तुम्ही समलिंगींचं करता आहात. दोन वर्षांनी कादंबरी लिहिताना तो या शब्दाला जागला, असं मी मानतो. ह्योफगेनच्या समलिंगीपणाच्या जागी आणलेली ज्युलिएट ही कृष्णवर्णीय नर्तकी मात्र वंशवादी साच्यातून सुटत नाही. तिथे तो कमी पडला, हे मान्य करायलाच हवं.

घाई म्हणाल, तर तीही तपासू. मे १९३३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने कवी गॉटफ्रीड बेनला पत्र लिहून नव्या राजवटीला साथ देण्याबद्दल जाब विचारला. बेनने रेडिओवरून निर्वासितांनाच सुनावलं. १९५० मध्ये त्याच बेनने छापून कबूल केलं, की या तरुणाने परिस्थिती आपल्याहून अचूक ओळखली होती. ते वाचायला क्लाउस उरला नव्हता; मे १९४९ मध्ये कान इथे त्याने आयुष्य संपवलं.

जर्मनीने नागरिकत्व हिरावल्यावर त्याने अमेरिकेत लेखणीची भाषाच बदलली, आत्मचरित्र थेट इंग्रजीत लिहिलं आणि अमेरिकी सैनिक म्हणून ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’चा वार्ताहर होऊन १९४५ मध्ये उद्ध्वस्त जर्मनीत परतला. पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने मात्र १९७१ मध्ये ‘मेफिस्टो’वरची बंदी कायम ठेवली, मृत ग्र्युंडगेन्सच्या प्रतिष्ठेसाठी. १९८१ मध्ये एका प्रकाशकाने ती न जुमानता पुस्तक छापलं आणि वाचकांनी ते उचलून धरलं. ‘मेफिस्टो’ वाचणार असाल, तर आधी तो १९३४ चा लेख वाचा. सुडाचा आरोप मग तुम्हीच तपासा.