पेढे आधी की कागद?

भाचीला दुबईत मुलगी झाली. फोनवर काकूंचा पहिला प्रश्न, "कोणासारखी दिसते?" आणि दुसरा, "मग ती आता तिकडचीच का?"

नाही हो काकू! परदेशी आईबापांचं मूल अमिरातीत जन्मलं म्हणून तिथलं नागरिक होत नाही. आणि आपलंही आपोआप होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी. शिवाय बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं.

१० डिसेंबर १९९२ च्या आधी तर बापच भारतीय असावा लागे, आईचं भारतीयत्व मोजतच नव्हते. (नऊ महिने कोणाचे, हे विचारू नका!) तो नियम बदलला, बरं झालं. पण ही वर्षाची अट मला खटकते. भाचीचा नवरा ऑफिसातून रजा काढून जाऊन येईल. ज्याचा खाडा झाला की पगार कापला जातो, त्याचं काय? उशीर बापाचा, आणि कुठल्याच देशाचं नाही ते पोर. हवा तर दंड घ्या, पण नोंद करून घ्या की!

गल्फमधल्या मित्रांनो, शेजारी बाळ आलं असेल तर पेढा खाताखाता नोंदीचं विचारा.