कॅमेऱ्याआधी छप्पर

बदलापूरच्या शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचाराने ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र हादरला, तेव्हा शासनाने घाईने जो उपाय पुढे केला तो सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा होता. महिन्याभरात कॅमेरे बसवा, अन्यथा अनुदान रोखू किंवा मान्यता काढून घेऊ, अशी तंबी खासगी शाळांना मिळाली. लोकक्षोभाच्या त्या दिवसांत काहीतरी करून दाखवणे शासनाला भाग होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच प्रकरणात शाळेच्या कॅमेऱ्यांचे १५ दिवसांचे चित्रण सापडत नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. आणि पालकांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी कित्येक तास लावले होते. चित्रण जपणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस जागेवर नसेल, तर यंत्र मुलांचे रक्षण करू शकत नाही.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा होतो. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर या बालाघाटाच्या तालुक्यांत वस्तीवस्तीवर जिल्हा परिषदेच्या लहान शाळा आहेत. वीजबिल थकले म्हणून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नवीन नाहीत. अशा ठिकाणी सुरक्षेचा पहिला प्रश्न डोक्यावरच्या छपराचा असतो. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे सरकारी शाळेचे छत कोसळले आणि ७ मुले दगावली. वरून खडे पडत आहेत, असे मुलांनी आधी सांगितले होते, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ते ऐकून वर्ग रिकामा करण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती.

बीडला संकटे अपरिचित नाहीत. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात हाहाकार माजवला. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांना वेढा घातला. वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे मरतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या साऱ्या पट्ट्यात सुमारे ८ हजार माणसे गेली. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे होती, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. गुजरातेत २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तो सकाळी; प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली अंजारची मुले अरुंद गल्लीत भिंतींखाली गाडली गेली. घड्याळाच्या कृपेवर विसंबणे याला नियोजन म्हणता येत नाही.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची आगाऊ सूचना देते, हे विज्ञानाचे मोठेच देणे आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावते आहे. परंतु सूचना गुरुजींच्या फोनवर आल्यानंतरचा प्रवास माणसांनीच पुरा करावयाचा असतो. मैदानावरची मुले कोणी आत आणायची, झाडाखाली थांबलेल्यांना कोणी हाक मारायची, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुले घरी सोडायची की शाळेतच ठेवायची, हे आधी ठरलेले नसेल, तर सूचना नुसतीच वाजून जाते. जिथे फोनला रेंज नाही, तिथे धोक्याची म्हणून ठरवलेली शाळेची घंटाच उपयोगी पडेल.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ मुले होरपळून मेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन करण्याची आणि दरवर्षी जिल्हा आराखडा तपासण्याची तरतूद केली. शालेय सुरक्षेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली. प्रश्न असा आहे की, तालुक्याच्या कचेरीपर्यंत आलेला हा कागद वाडीवरच्या शाळेत पोचतो काय?

आणि पोचला, तरी त्यात ऊसतोड कामगारांची मुले असतात काय? दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातील लाखो कष्टकरी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांची काही मुले कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहतात. त्या कोपीला आग लागली तर कोणत्या शाळेचा आराखडा त्यांना वाचवणार? काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आणि आजीआजोबांच्या भरवशावर गावी राहतात. अशा मुलाला साप चावला किंवा त्याचा ताप वाढला, तर आईबाप शेकडो मैलांवर उसाच्या फडात असतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचा चालू फोन, मुकादमाचा फोन आणि गावातील जबाबदार नातेवाइकाचे नाव असणे, ही आपत्कालीन नियोजनाची पहिली पायरी होय. यास निधी लागत नाही. या मुलांना मोजण्याची इच्छा तेवढी लागते.

शासनाकडे मागणी अवश्य केली पाहिजे: प्रत्येक शाळेच्या इमारतीची अभियंत्याकडून पावसाळ्यापूर्वी तपासणी, तिचा अहवाल शाळेच्या भिंतीवर, धोकादायक खोल्या पाडून नव्या बांधण्यासाठी तरतूद, आणि कारखान्याच्या तळांचा जिल्हा आराखड्यात समावेश. परंतु मागणीचे निवेदन देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. ही समिती कागदावरून उठवून उभी करणे आपल्या हाती आहे. येत्या महिन्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत जावे. छताला ओल आहे काय, विजेची तार लोंबते आहे काय, स्वयंपाकघर वर्गाला खेटून आहे काय, हे पाहावे. मुलींना आपली तक्रार कोणाला सांगायची हे ठाऊक आहे काय, हे महिला पालकांनी त्यांच्याकडून समजून घ्यावे. त्याची नोंद समितीच्या ठरावात व्हावी आणि तो ठराव ग्रामसभेपुढे यावा. कॅमेरा त्यानंतर आला, तर तो उपयोगाचा ठरेल.