पाऊस आपला, मापही आपले

ओढ्याला पूर येतो, बांध फुटतात, पऱ्हाटी आडवी होते आणि पंचनाम्याची मागणी केली की उत्तर मिळते : मंडळाच्या आकड्यात अतिवृष्टी नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर अतिवृष्टी, असा निकष. मोजणारे यंत्र महसूल मंडळाच्या पातळीवर, आणि ढग काही मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. जिरायत शेतकऱ्याचे सारे देणेघेणे पावसाशी, पण पावसाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत! व्यापाऱ्याच्याच काट्यावर कापूस मोजून द्यावा, तशातली ही गोष्ट.

म्हणून आम्ही काही कार्यकर्त्यांनी एक उद्योग केला. रास्पबेरी पाय नावाचा जुना बोर्ड हाती आला. पत्त्याच्या कॅटएवढ्या पाटीवर अख्खा संगणक. ब्रिटनमध्ये २०१२ साली, मुलांना प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून तो ३५ डॉलरला निघाला. वेग ७०० मेगाहर्ट्झ, बाहेर तारा जोडायला २६ पिना. आज शहरात तो भंगारात जातो. आमच्या कामाला तो पुरून उरतो.

पर्जन्यमापकात डोलणाऱ्या दोन वाट्या असतात. ०.२ मिलिमीटर पाऊस झाला की भरलेली वाटी कलंडते आणि लोहचुंबकाने एक स्विच क्षणभर मिटतो. बोर्डाने एवढेच मोजायचे. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ कलंड्या. स्विचची एक तार जमिनीच्या पिनेला, दुसरी मोजणीच्या पिनेला. ५ व्होल्टची तार मोजणीच्या पिनेला लागू देऊ नये. ती पिन ३.३ व्होल्टची आहे, बोर्ड जळतो. कार्डावर प्रणाली टाकायची ती ३२ बिटांचीच, या जुन्या प्रोसेसरवर ६४ बिटांची चालत नाही. प्रोग्रॅम पायथन भाषेत पंधरा-वीस ओळींचा. बारावीतल्या पोराने तो दोन संध्याकाळीत लिहिला.

पहिल्याच सरीत यंत्राने दुप्पट पाऊस दाखवला! स्विच मिटताना थरथरतो आणि एक कलंडी दोन-तीनदा मोजली जाते. एक मोजल्यावर पाव सेकंद दुसरी मोजू नये, अशी ओळ घातली. मग पडताळा घेतला. तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर एक लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर. हळूहळू ओतले की २५० कलंड्या भरल्या पाहिजेत. कमीजास्त भरल्या तर वाट्यांखालचे स्क्रू फिरवावेत. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही, काटा मारलेला तो लगेच ओळखतो.

खरी फजिती विजेने केली. या बोर्डाला स्वतःचे घड्याळ नाही. रात्री दोनला वीज गेली, सहाला आली. नेट नसल्याने यंत्राच्या लेखी अजून दोनच वाजले होते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. म्हणजे आजचा पाऊस कालच्या खात्यात! बटणाच्या सेलवर चालणारे डीएस ३२३१ हे घड्याळ जोडले तेव्हा तारखा सुधारल्या. अचानक वीज जाऊन कार्डही एकदा बिघडले. बॅटरी लावावी तर बोर्ड दिवसाला ७० वॅट-तासांच्या आसपास खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दिवस काढते. नुसत्या मोजणीला याहून साधा, कमी वीज खाणारा बोर्ड बरा, हे आम्ही मान्य करतो. पण तो विकत आणावा लागला असता.

काही भाऊ म्हणतात, तुमच्या आकड्याला सरकार विचारणार आहे का? नाही विचारणार. तरीही मोजा, असे आमचे म्हणणे आहे. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. हा पाऊस कोणाच्या शिवारातला? मंडळाच्या आकड्यावर कपाशी टोबली आणि आपल्या रानात ओल चार बोटेच असली, तर दुबार पेरणीचे बियाणे मंडळ देत नाही.

आता कंपन्याही शेतात डबे बसवू पाहतात. डबा फुकट, मोबाईलवर अंदाज फुकट. आकडे मात्र कंपनीकडे. शेतकरी चळवळीने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले ते काय बियाण्यापुरते? उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि ज्याची नोंद आपल्या हाती राहत नाही, ते यंत्र आपल्या बांधावर बसले म्हणून आपले होत नाही.

यंत्राशेजारी साधा काचेच्या मापाचा पर्जन्यमापक ठेवावाच. धो धो पावसात वाट्या कमी मोजतात आणि वीज तर जाणारच. रोज साडेआठला माप वहीत लिहावे, खाली दोन सह्या. ज्या गावांना हे करायचे आहे त्यांनी जिल्हा बैठकीला एक पोरगा किंवा पोरगी पाठवावी. बोर्ड, तारा आणि प्रोग्रॅमची छापील प्रत आम्ही घेऊन येतो. एक लिटरचे माप तेवढे घरून आणावे.