नावे बदलली, नियम तेच

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी गृहस्थांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. मेजाभोवती चारपाच जण बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेतात, आणि पुढे जे घडायचे ते बोलण्यातून व फाशांच्या दानातून घडते. अर्धशतक उलटल्यावर हा खेळ पुण्या-बंगळुरूस शिकणाऱ्या मुलांबरोबर बेळगाव-निपाणीच्या जुन्या घरांतही येऊन पोचला आहे. त्यावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना ते परके खूळ वाटते. मुलांना वाटते की, 'नाइट'ला मावळा म्हटले आणि ड्रॅगनच्या जागी वेताळ आणून बसविला की खेळ मराठी झाला. माझा विरोध दोन्ही मतांना आहे, दुसऱ्याला अधिक.

पहिल्याचा समाचार थोडक्यात घेता येईल. मेजावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा जो नाद पाश्चात्त्यांना होता, त्यातून हा खेळ निघाला. सबंध फौजेऐवजी एकच शिपाई आपला मानावा आणि त्याच्या तोंडून बोलावे, एवढीच त्याची मूळ युक्ती. आता गोणपाट, दगड आणि लाल माती यांचा डोंगर रचून, त्यावर अळीव-मोहरी पेरून, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करणारी बेळगावच्या गल्लीतील पोरे दिवाळीत वेगळे काय करतात? आपला मावळा भाऊबीजेपर्यंत जागचा हलत नाही, इतकाच फरक. कल्पनेतले गड रचणे हे मराठी माणसाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल, तर मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी 'मोचनगड' (१८७१) लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे आपल्या जांबोटीचे, आणि त्यांचा गड कल्पनेतलाच. आमच्या किल्ला-स्पर्धांचे परीक्षक मात्र 'हा कोणता किल्ला?' असे विचारून हुबेहूबपणाला गुण देतात. गुंजीकरांना या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नसते!

दुसरे मत घातक आहे, कारण त्यात अभिमानाचा आव आहे. खेळातले जग नियमांनी घडते. नावे हा वरचा रंग. १९७४ च्या पहिल्याच पुस्तिकेतील भाषेविषयीचा नियम पाहावा. त्या जगात एक 'सामायिक' बोली आहे आणि बहुतेक माणसांना ती येते. बोलू शकणाऱ्या इतर प्राण्यांपैकी साधारण पाचांत एकालाच ती अवगत असते. याखेरीज 'सुव्यवस्था', 'अनागोंदी' आणि 'तटस्थता' या तीन पक्षांच्या तीन निराळ्या भाषा आहेत. विरुद्ध पक्षाची भाषा कानी पडली, तर तिचा अर्थ कळला नाही तरी ती शत्रूची म्हणून ओळखू येते, आणि ऐकणारा सरळ हल्ला करतो. पक्षांच्या भाषा पुढील आवृत्त्यांतून वगळल्या गेल्या हे खरे. सामायिक बोली अजून टिकून आहे.

वाचकहो, सीमाभागात हयात घालविलेल्या माणसाने हा नियम वाचून दचकू नये तर काय करावे? सर्वांना एकच बोली येते त्या जगाला सीमा अशी नसतेच, कारण तेथे कोणाला कोणाचे ऐकून घेण्याचे कष्ट पडत नाहीत. आणि बोली ऐकताच माणसाचा पक्ष ठरत असेल, तर तेथे बाजार भरणे अशक्य. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा बेळगावच्या रविवार पेठेत घासाघीस एका भाषेत सुरू होते आणि सौदा दुसरीत पटतो. खेळ रचणाऱ्यांच्या कल्पनेत असा माणूस आलाच नाही. १९५६ पासून आपणही या हल्ल्याच्या नियमाने पुष्कळ खेळलो आहोत, समोरचेही खेळले आहेत. महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे; त्याचा निकाल तेथे लागेल, आणि आपला हक्क आपण सोडण्याचे कारण नाही. पण शेजाऱ्याचे कन्नड म्हणजे अनागोंदीची भाषा, हा धडा मुलांनी मेजावर बसून पुन्हा गिरवावा, आणि तोही मावळ्याचे मुंडासे बांधून, हे मला सोसवत नाही.

खेळासाठी साहित्य हवे तर ते याच मातीत पडून आहे. बैलहोंगलजवळच्या बेलवडीची गढी घ्या. दक्षिण दिग्विजयाहून परतणाऱ्या मराठी फौजेशी १६७८ च्या सुमारास ती झगडली. रसदेच्या बैलांवरून भांडण जुंपले, असे सांगतात, आणि गढीच्या बाईने ती जवळजवळ महिनाभर लढविली. मराठी बखरींत ही बाई सावित्रीबाई, कन्नड परंपरेत मल्लम्मा. धारवाडजवळच्या यादवाडचे शिवरायांचे शिल्प तिनेच कोरवून घेतले, अशी श्रद्धा आहे. या कथेत राक्षस कोणाला करणार? एका मेजावर दोघे मावळे, दोघे गढीतले, एक बैलांचा तांडा घेऊन चाललेला लमाण, असे बसवून पाहा. सर्वांत मोलाचे पात्र दुभाषी ठरेल, आणि फासा पडेल तो निरोप धड पोचला की वाटेत बिघडला हे ठरविण्यासाठी. तलवारीचे दान त्यानंतरचे.

गडाचे नियम हवेत, तर रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' उघडावे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या हव्यात. दारूखाना घरांपासून दूर असावा. जवळ दुसरा डोंगर असेल तर त्याचाही बंदोबस्त करावा. खेळ रचणाऱ्याला याहून नेमके टिपण कोठे मिळणार? शिवाय शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे, जेणेकरून एकट्याने फितूर होऊन गड देता येऊ नये. तीन खेळाडू, तिघांच्या हाती वेगवेगळ्या किल्ल्या, आणि बाहेर वेढा. परक्या अंधारकोठडीतला खजिना यापुढे मला फिका वाटतो.

तेव्हा यंदाच्या स्पर्धेत परीक्षकांनी किल्ल्याचे नाव विचारू नये. टाक्यात पाणी किती दिवसांचे आहे, आणि खालच्या गावातून मीठ आणायला जो उतरणार त्याला कन्नड येते काय, हे विचारावे.