गुळगुळीत कागदावरची सायकल

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आमचा भाचा आला, तो गाडीच्या टपावर सायकल बांधून. पेठच्या बाजारातून घराच्या दारापर्यंत येईतो मागे दहाबारा पोरांचा घोळका जमला होता. अम्मींनी चष्मा सारखा केला, सायकलीकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि विचारले, "बेटा, गाडी आहे तर सायकल कशाला? आणि सायकल आहे तर गाडी कशाला?" भाचा नुसता हसला. या प्रश्नाचे उत्तर आम्हालाही अजून सापडलेले नाही.

किंमत त्याने स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात सांगितली. 1 लाख 65 हजार. वर एक विनंती, "मामू, नानीला सांगू नका." आम्ही सांगितले नाही. पण आमचा अकरावीतला मुलगा तिथेच पाणी पीत उभा होता, आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

या जातीच्या सायकलीला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर रुंद, ब्रेक डिस्कचे, आणि सांगाडा असा की खडबडीत रस्त्यावर तास न् तास बसले तरी पाठ धरू नये. अमेरिकेच्या मध्यभागी शेतांमधून जाणारे खडीचे रस्ते हजारो मैल पसरलेले आहेत. तिथल्या कॅन्सास राज्यात एम्पोरिया नावाच्या छोट्या गावात 2006 साली मोजक्या लोकांनी दोनशे मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची, अशा रस्त्यांवरची शर्यत सुरू केली. आज तिथे जगभरातून लोक येतात. 2019 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने खास या सायकलींसाठी गिअरचा वेगळा संच काढला, आणि 2022 मध्ये इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. सोळा वर्षांत गावच्या रस्त्यावरची हौस जगभरचा धंदा झाली.

हे सगळे आम्हाला कसे कळले? भाचा जाताना सहा मासिके सोडून गेला. इंग्रजी, जाड, गुळगुळीत कागदाची. हातात घेतली की नव्या पुस्तकाचा वास. मुलाला आम्ही म्हटले, वाच, इंग्रजी सुधारेल. (मास्तरांच्या घरात कोणतीही गोष्ट या एका कारणाने आत येऊ शकते.) तो दिवसा वाचायचा. रात्री सगळे झोपले की आम्ही वाचायचो.

काय असते त्यात? पहाटेचे धुके. नागमोडी कच्ची वाट. एकटा माणूस, पाठमोरा. कुठल्याच फोटोत सायकलीला कॅरिअर नाही, कॅरिअरवर डबा नाही, दांड्यावर मूल नाही. कोणी कुठे कामाला चाललेले नाही. किंमत कुठे कोपऱ्यात बारीक अक्षरात. एका पानावर सायकलीची परीक्षा, आणि दोन पाने उलटली की त्याच कंपनीची जाहिरात. मुलांच्या वह्या तपासता तपासता आमचे केस पांढरे व्हायला लागले आहेत; ज्याच्या घरून डबा येतो त्याच्याच मुलाचा पेपर तपासायचा असेल तर हात किती सैल पडतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

आणि ही काही आजची रीत नाही. जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत, फ्रान्सची 'तूर द फ्रान्स', 1903 साली सुरू झाली ती 'लोतो' नावाच्या क्रीडापत्राचा खप वाढावा म्हणून. त्या पत्रामागे पैसा होता सायकल, मोटार आणि टायर बनवणाऱ्या कारखानदारांचा. शर्यत झाली, पत्राचा खप दुपटीहून वर गेला आणि प्रतिस्पर्धी पत्र पुढे बंद पडले. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापले जाई. शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याला आजही पिवळीच जर्सी देतात. म्हणजे आधी शाई, मग घाम.

तरीही फोटो पाहताना आमच्या छातीत काहीतरी हलले, हे कबूल केले पाहिजे. कारण त्या वाटा आम्हाला ओळखीच्या वाटल्या. पाऊस ओसरल्यावर कोटंबी घाटातून खाली दिसणारी नागलीची खाचरे, मुरमाची तांबडी वाट, पलीकडे निळे डोंगर. त्या मासिकात छापले तर लोक विमानाचे तिकीट काढून येतील. आम्ही मात्र त्या वाटेने वीस वर्षे जीपच्या मागच्या फळीवर बसून, गुडघे पोटाशी घेऊन जातो आहोत.

नाशिककडून रविवारी सकाळी सावळघाट चढून येणारे सायकलस्वारही आता आम्हाला नवे राहिले नाहीत. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा, सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पार केले. त्या शर्यतीत असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय जोडी. तेव्हापासून नाशिकात सायकल ही डॉक्टर-वकिलांच्या अभिमानाची वस्तू झाली. चांगलेच झाले. एरवी आपल्याकडे मोटारसायकल आली की सायकल आधी पडवीत जाते आणि मग भंगारात.

तर मुलाने एका संध्याकाळी आमच्यासमोर कागद ठेवला. व्यवस्थित, सुवाच्य अक्षरात हिशोब. भाच्याच्या सायकलीहून हलकी नाही, पण 1 लाख 20 हजारांची. ईदीचे साठलेले 11 हजार त्याचे. "आणि अब्बू, सप्टेंबरपासून सायकलवरचा जीएसटीही 12 चा 5 टक्के झालाय." आम्ही फिजूलखर्चीवर बोलायला तोंड उघडले. त्याने शांतपणे फ्रिजकडे पाहिले. तो दोन दरवाजांचा फ्रिज आम्ही गेल्या वर्षी हप्त्यांवर घेतला, एक दरवाजाचा चालू असताना. आम्ही तोंड मिटले.

मग तो म्हणाला ते अजून कानात आहे. "बाजीच्या फीच्या वेळी तुम्ही दोनदा विचार केला नाहीत."

त्याची बाजी नाशिकला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टात जी रक्कम आहे ती तिच्या शेवटच्या वर्षाची, हे त्यालाही ठाऊक आहे. ठाऊक असूनच बोलला. बेगम उठून आत गेल्या. आम्ही त्याला रागावू शकलो असतो. पण पोर बरोबरीचा हक्क मागत होते, सायकल हे त्याचे निमित्त होते. आणि निमित्त गुळगुळीत कागदावर छापलेले असले की ते हक्काहून मोठे दिसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पडवीतून अब्बांची सायकल बाहेर काढली. अब्बा बांगड्यांचा धंदा करायचे. हरसूल, करंजाळी, जोगमोडी, सगळे आठवडी बाजार त्यांनी या काळ्या सायकलीवर केले. मागे बांगड्यांची पेटी, पुढे हँडलला कंदील. घाटात उतरून हाताने ढकलायची. उतारावर तर जास्तच उतरून, कारण सळईचे ब्रेक, पावसात रिम ओली झाली की ते फक्त आवाज करायचे. एक पेटी फुटली तर महिन्याची कमाई गेली.

मुलाला आम्ही टायरवरचा आकडा वाचायला लावला: 28 गुणिले दीड. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. मग मासिक उघडून ग्रॅव्हल बाइकच्या टायरची रुंदी पाहायला सांगितली. 40 मिलिमीटर. तो थोडा वेळ दोन्हीकडे पाहत राहिला. आपल्या दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या, मणियारांच्या सायकलींना रुंद टायर होते ते खराब रस्त्यांसाठीच. शर्यतीच्या नादात पश्चिमेकडच्या सायकली बारीक होत 23 मिलिमीटरच्या टायरपर्यंत गेल्या आणि आता परत वळल्या आहेत. ज्याला नवा शोध म्हणून लाख रुपये मागतात, त्यातला हा एक भाग आमच्या पडवीत चाळीस वर्षे धूळ खात पडला होता.

इथेच थांबलो असतो तर आमचा विजय झाला असता. पण मास्तराने अर्धा हिशोब शिकवू नये. अब्बांच्या सायकलीचे दात मोजले: पुढे 44, मागे 18. पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला ठीक, घाटात छाती फुटते. भाच्याच्या सायकलीला पुढे 40 आणि मागे सर्वांत मोठे चक्र 42 दातांचे. म्हणजे एका फेरीत चाक एकदाही पुरते फिरत नाही. हळू जाते, पण चढते. वजन एकीकडे वीस किलोच्या वर, दुसरीकडे दहाच्या आत. आणि ब्रेक! भाचा इथे असताना आम्हीही एक चक्कर मारली होती, कोणी पाहत नाही असे बघून. मुरमाच्या उतारावर दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल जिथल्या तिथे, अलगद थांबली. त्या क्षणी आमच्या मनात मासिक नव्हते, अब्बा होते. हे ब्रेक त्यांना मिळाले असते तर किती बांगड्या वाचल्या असत्या, किती वेळा गुडघे.

म्हणून ही चैन आहे एवढे म्हणून आम्हाला सुटता येत नाही. वस्तू चांगली आहे. ती बनवणाऱ्यांनी अक्कल खर्च केली आहे. फक्त ती ज्याला घाट रोज चढायचा आहे त्याच्यासाठी बनत नाही.

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी आहे, चार किलोमीटरवरच्या पाड्यावरची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी 3,500 मिळत, आता 5,000. तिनेही सायकल घेतली. पावसाळ्यानंतर ती पुन्हा चालत येऊ लागली. विचारले तर म्हणाली, "सर, पंक्चर व्हयेल हाये." पाड्यावर पंप नाही, पंक्चरवाला पेठला, आणि पंक्चर सायकल चार किलोमीटर ढकलत आणायची तर तिच्याशिवायच चाललेले बरे. 1 लाख 65 हजारांत 5,000 च्या 33 सायकली येतात. हा हिशोब आम्ही वर्गात फळ्यावर कधीच मांडणार नाही, कारण कोणीतरी आमच्या फ्रिजच्या किती सायकली होतात हेही विचारेल.

बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, तेव्हा अभ्यासकांना शाळेत नाव घालणाऱ्या मुलींच्या संख्येत सुमारे 30 टक्के वाढ दिसली. त्याआधी, 1990 नंतरच्या दोनचार वर्षांत, तामिळनाडूच्या पुदुकोट्टईत लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या, त्यांत मुस्लिम बायकाही पुष्कळ. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. बायकांच्या सायकली दुकानांत मिळेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या, पुरुषांच्या सायकली घेतल्या. त्या सायकलींचा फोटो कुठल्या मासिकाने धुक्यात काढला नसेल.

मुलाशी शेवटी तोडगा असा ठरला: अब्बांची सायकल तो स्वतः दुरुस्त करील, सुटे भाग आम्ही आणू, बारावीनंतर नाशिकहून पंधरा हजारांपर्यंतची गिअरची सायकल. त्याने मान डोलावली. खूश नव्हता, पण डोलावली. पेठच्या सायकल दुकानातल्या चाचांनी जुने हब उघडून पाहिले आणि म्हणाले, "सर, या छऱ्यांना तुमच्या अब्बांनी ग्रीस भरलं असेल, त्यानंतर कोणी नाही." ते बरोबरच असावे.

हे लिहीत असताना भाच्याचा निरोप आला आहे. सायकलवाल्यांत एक विनोद आहे: माणसाकडे सायकली किती असाव्यात? आहेत त्याहून एक जास्त. त्याने नवे मॉडेल पाहून ठेवले आहे, आणि ही सायकल तो काढतो आहे. "मामू, बाहेर नव्वद येतील. घरात म्हणून सत्तर. हप्त्याने दिले तरी चालतील." निरोप आमच्या आधी मुलाने वाचला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तो काही बोलला नाही. पडवीत जाऊन अब्बांच्या सायकलीच्या चेनला तेल घालतो आहे, पायडल हाताने फिरवतो आहे, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. फोन आम्ही टेबलावर उपडा ठेवला आहे. आणि बेगम आतून म्हणताहेत की पोस्टाचे पासबुक त्यांनी जागेवरून हलवले आहे, कोणी शोधू नये.